पाणी ओसरले, ओल राहिली

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते निवृत्त स्थापत्य अभियंता असून मंडळाचे जुने सभासद आहेत. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत. – संपादक)



गणपतीसमोर गाणे व्हावे, कीर्तन व्हावे, निदान संतवाङ्मयावर काहीतरी व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. तिथे ओल, बुरशी आणि गिलावा या विषयावर बोलायला मी उभा आहे. समितीने विषय मान्य केला, फक्त एक अट घातली की आरतीच्या आधी आटपायचे. तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही.

आपण इथे जमलेले बहुतेक जण म्हैसूरचे झालो त्याला कारण नोकरी. कोणी सीएफटीआरआयमध्ये आले, कोणी बेमलमध्ये, कोणी नोट मुद्रणालयात, आणि पुढची पिढी इन्फोसिसमध्ये. काही घराणी तर चार-पाच पिढ्या इथलीच आहेत. पण मूळ घर कुठे विचारले की सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव, चिपळूण, श्रीवर्धन ही नावे येतात. तिथे अजून काका आहेत, आत्या आहेत, वाटणी न झालेला वाडा आहे. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे फोन वाजतो तेव्हा छातीत धस्स होते.

ऑगस्ट २०१९ आठवा. इकडे कबिनीचे पाणी नंजनगूडला चढले, घाटावरचा मंडप बुडाला, उटीचा रस्ता बंद झाला. त्याच आठवड्यात तिकडे कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले तेव्हा लोक म्हणाले की यापेक्षा जास्त येणे शक्य नाही. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर या बाजूची कौले आणि पत्रे उडवून नेले होते. त्यातून ती कोरोनाची टाळेबंदी, म्हणजे गवंडी मिळेना आणि सामानही मिळेना.

आता तारखा बघा. २००५ चा पाऊस २६ जुलैचा, त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. २०१९ चा पूर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, चतुर्थी २ सप्टेंबरला. चिपळूणचा २२ जुलैचा, चतुर्थी १० सप्टेंबरला. म्हणजे पूर आणि गणपती यांच्यात तीन ते सात आठवडे. मला तिकडून जे फोन येतात त्यांत घराला तडा गेला का, पाया खचला का, हे क्वचित विचारतात. पहिला प्रश्न असतो, "गणपतीच्या आधी रंग देऊन होईल ना?"

प्रश्न अगदी साहजिक आहे. घर चिखलाने माखलेले, सगळे सामान रस्त्यावर, आणि वर्षातून एकदा येणारा देव अशा घरात बसवायचा कसा? पण माझ्या अनुभवात पुरापेक्षा जास्त नुकसान या घाईने झाले आहे. पुराने घर भिजते. घाईने ती ओल भिंतीत कोंडली जाते. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

वीट, जांभा, माती, चुना, सगळे पाणी पितात. आपल्या कोकणातला जांभा तर भोकाभोकाचा दगड. पाणी तीन-चार दिवस भिंतीला लागून राहिले की आरपार जाते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वरही चढते. म्हणून पुराची खूण कमरेला असली तर ओल छातीपर्यंत सापडते. हे पाणी परत बाहेर जायला एकच वाट आहे, ती म्हणजे भिंतीचा पृष्ठभाग. तिथून वाफ होऊन ते हवेत जाते. जुने कारागीर ढोबळ हिशेब सांगतात, इंचाला महिना. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर चार-पाच महिने. वाड्याची दीड-दोन फुटांची भिंत असेल तर वर्ष धरा.

हा हिशेबसुद्धा बऱ्या हवेतला. आपल्या म्हैसुरात वर्षाला जेमतेम ८०० मिलिमीटर पाऊस, वारा खेळता, त्यामुळे आपल्याला वाटते की दोन दिवस खिडक्या उघड्या टाकल्या की झाले. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हवा स्वतःच ओलीचिंब. आपण धुतलेला पंचा चार दिवस वाळत नाही, तिथे भिंत कुठून वाळणार? वरवरचे पाणी जाते, हाताला कोरडे लागते, आणि आतली ओल तशीच बसून राहते. ती निघते ऑक्टोबरच्या उन्हात. त्या उन्हाला आपण नावे ठेवतो, पण कोकणातल्या भिजलेल्या घराला त्याच्यासारखे औषध नाही.

आता घाईत काय होते ते सांगतो. सांगलीला नात्यातल्या एका घरात २०१९ साली चार फूट पाणी होते. घर जुने, विटा मातीत बांधलेल्या, वर चुन्याचा गिलावा. पाणी गेल्यावर पंधरा दिवसांत ठेकेदाराने खालचा पोपडा पाडून सिमेंटचा जाड गिलावा मारला, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत रंग. गणपती थाटात बसले. दिवाळीत रंगाला फोड आले, संक्रांतीपर्यंत पुट्टी पापडासारखी सुटली, आणि उन्हाळ्यात गंमत अशी की चार फुटांच्या वर, जिथे पाणी लागलेच नव्हते, तिथे भिंतीला लोणा फुटला. खालची वाट सिमेंटने बंद केली, म्हणून ओल वर चढली आणि जिथे जुना चुना उघडा मिळाला तिथून बाहेर पडली. येताना भिंतीतले क्षार घेऊन आली. ते क्षार पृष्ठभागावर फुलतात आणि विटेचा भुगा करतात. ठेकेदार म्हणाला, "पुराचं पाणीच खराब होतं." पाणी खराब होतेच, पण ते बाहेर पडायच्या वाटेवर झाकण त्यानेच बसवले होते.

मातीची किंवा चुन्याची भिंत मऊ असते, थोडी हलते, श्वास घेते. सिमेंट कडक आणि बंद. दोघांची सोयरीक जमत नाही. दुकानात ओल रोखणारे म्हणून जे रंग आणि रसायने मिळतात, ती बाहेरून पाऊस अडवायला ठीक आहेत. आधीच भिजलेल्या भिंतीला आतून ती लावणे म्हणजे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवणे.

मग करायचे काय, ते आता क्रमाने.

पाणी उतरल्यावर लगेच आत धावू नका. हे मी जोर देऊन सांगतो, कारण माणसे दगावतात ती पुष्कळदा इथे. पाणी दोन्ही बाजूंना असते तेव्हा भिंतीला दोन्हीकडून टेका असतो. बाहेरचे झटकन उतरले आणि आतले कोंडून राहिले की भिंत बाहेर ढकलली जाते. मातीची भिंत तर पाणी गेल्यावर, छान ऊन पडल्यावर बसते, कारण पायाजवळची माती लोणी झालेली असते आणि वरचा सगळा भार तिच्यावर असतो. म्हणून आधी घराभोवती फिरा. भिंत ओळंब्यात आहे का, कोपऱ्यात तिरपी चीर आहे का, दाराची चौकट वाकडी झाली का ते पाहा. काही संशयास्पद दिसले तर माणूस आणून टेकू लावल्याशिवाय आत जाऊ नये.

वीज मीटरपासून बंद. नुसते बटण बंद करून भागत नाही. भिजलेल्या बोर्डातले खटके आणि जोड गंजतात, भिंतीतल्या नळीत पाणी साचून राहते आणि ओली भिंत वीज पकडते. वायरमनने तपासणी करून लेखी सांगितल्याशिवाय पंखादेखील लावायचा नाही. गॅसचा सिलिंडर तरंगत कुठे गेला असेल तर त्याचा रेग्युलेटर आणि नळी बदलून घ्या. अडगळीत हात घालण्याआधी काठी घाला, पुराच्या पाण्याबरोबर साप येतात. पायात गमबूट हवेत. २००५ साली मुंबईत पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. पायाला साधी चीर असेल तरी चिखलातून तो रोग शिरतो. चिखलात काम केल्यावर ताप आला तर घरगुती काढ्यावर न थांबता डॉक्टरांना चिखलाचे सांगा.

काहीही हलवण्याआधी फोटो काढा. पाण्याची रेघ दिसेल असे, खोलीवार. पंचनाम्यालाही लागतात आणि विमा असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरलाही. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची घराची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पूर आणि वादळ धरलेले आहे. गाडीचा विमा आपण न चुकता काढतो, घराचा काढलेला माणूस मला शंभरात एखादा भेटतो. असो.

गाळ ओला असतानाच काढा. एकदा तो वाळला की दगड होतो आणि खरवडताना फरशी जाते. भिंती वरून खाली धुवा, साध्या पाण्याने. मग ब्लीचिंगचे पाणी. इथे एक इशारा. संडासासाठी आणलेले ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

फरशीकडे कोणाचे लक्ष जात नाही. शहाबादी फरशीखालचा मुरूम पाण्याने खाली बसतो आणि मध्ये पोकळी राहते. काठीने ठोकत चला. ढबढब आवाज आला की ती फरशी उचला, भर घाला, ठोका. नाहीतर कपाट जागेवर ठेवल्यावर एक दिवस कपाटासकट फरशी खचते.

मग भिंत. पाण्याच्या खुणेच्या वर फूट-दोन फुटांपर्यंतचा सुटलेला, पोकळ वाजणारा गिलावा काढून टाका. सिमेंटचा असेल, तैलरंग किंवा पुट्टी असेल तर नक्कीच काढा. खालच्या विटा उघड्या पडतील. पडू द्या. कपाटे भिंतीपासून हातभर लांब ठेवा, भिंतीतल्या फडताळांची दारे काढून टाका. गाद्यांचा मोह सोडा. कापूस आतून वाळत नाही आणि ओल्या वस्तूवर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. चिप्सच्या पाट्यांचे फर्निचर फुगले की संपले, साग मात्र सावलीत सावकाश वाळवला तर शंभर वर्षे पुन्हा चालतो. सावलीत म्हटले, कारण उन्हात टाकलेला पाट होडीसारखा वळतो.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून भिंत वाळवण्याची एक जुनी युक्ती आहे. ती करू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, आणि एका बाजूने तापलेल्या भिंतीला भेगा पडतात ते वेगळेच. बाहेर कोरडा वारा असेल तेव्हा समोरासमोरची दारे-खिडक्या उघडा. तपासणी झाल्यावर पंखे लावा. हल्ली शहरात हवेतली ओल शोषणारे यंत्र भाड्याने मिळते, ते लावले तर मात्र खिडक्या बंद हव्यात, नाहीतर ते सगळ्या गावाची हवा वाळवत बसेल.

भिंत वाळली का, हे हाताने कळत नाही. एक सोपी परीक्षा आहे. हात-दीड हात चौरस पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून पाणी सोडते आहे. महिन्याने पुन्हा लावा. दोन-तीन वेळा कोरडे निघाले की मगच गिलाव्याचे नाव काढायचे.

आणि गणपती? गणपती बसवायचेच. त्याच्यासाठी आपल्या आजोबांनी उपाय करून ठेवला आहे, तो म्हणजे चुन्याची सफेदी. चांगली कळी विरवून, फडक्याने गाळून, पातळ करून दोन-तीन हात द्या. चुना श्वास घेतो, आतली ओल बाहेर जाऊ देतो आणि तो इतका तीव्र असतो की ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. चिकटण्यासाठी डिंक किंवा सरस घालतात, तो थोडाच घाला. जास्त झाला तर पुन्हा तेच झाकण. जुन्या तैलरंगावर चुना धरत नाही, तिथे आधी खरवडावे लागते. उघड्या विटांवर मात्र छान बसतो. चुना विरवताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो, म्हणून मुलांना लांब ठेवा. खर्च रंगाच्या मानाने किरकोळ. शिवाय हे काम वाया जात नाही, पुढे चुन्याचाच गिलावा करायचा असेल तर तो यावर धरतो. मखर भिंतीला टेकवू नका, वीतभर मागे जागा सोडा म्हणजे हवा फिरेल. मागचा कापडी पडदाही तसाच. सांगलीतल्या त्याच गल्लीत एका आजींनी २०१९ मध्ये हेच केले. अर्धी भिंत उघड्या विटांची, वर पांढरा चुना, आणि पुढे गौरी-गणपती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुजबुजल्या असतील. पुढच्या वर्षी त्यांची भिंत धड होती.

स्वयंपाकघराबद्दल दोन शब्द, कारण सीएफटीआरआयची मंडळी समोर बसली आहेत आणि मी काही चुकीचे बोललो तर ती मला सोडणार नाहीत. भिजलेले धान्य, शेंगदाणे, डाळी वाळवून ठेवू नयेत. वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, पण शेंगदाण्यावर आणि मक्यावर धरणाऱ्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून किंवा शिजवूनही पुरते जात नाही आणि ते यकृतावर जाते. वर्षाचे गहू टाकताना हात थरथरतो हे मला माहीत आहे. तरी टाका. विहिरीचा आधी उपसा करायचा, गाळ काढायचा, मग ब्लीचिंग. एरवी हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. पुरानंतर जास्त लागते, ते प्रमाण आरोग्य खात्याच्या माणसाकडून ठरवून घ्या आणि पाणी तपासून येईपर्यंत उकळून प्या.

पुस्तके आणि कागदपत्रे यांचे दुःख वेगळेच. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ दोन्ही पुरांनी झोडपले. सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तके २०१९ मध्ये गेली. घरातले खरेदीखत, सातबारा, आजोबांची रोजनिशी भिजली असेल तर पाने ओढून सुटी करू नका. स्वच्छ पाण्यात हलकेच चिखल धुवून, पिशवीत घालून, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग सवड मिळेल तसे एकेक काढून पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याखाली वाळवा. जगातली मोठी ग्रंथालयेही आज हेच करतात. आपल्याला फक्त शेजाऱ्याचा चालू असलेला फ्रीज लागतो.

कोकणातल्या वादळात पाणी खालून नव्हे, वरून येते. तिथे पहिले काम छप्पर. ताडपत्री बांधल्याशिवाय खाली झाडू मारण्यात अर्थ नाही. निसर्गनंतर कौले मिळत नव्हती. मंगळुरी कौले बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेली, त्या धंद्यातले पुष्कळ कारखाने आता बंद पडले आहेत. म्हणून लोकांनी पत्रे घातले. पत्रा वाईट नाही, पण कौलांच्या फटींतून घराची वाफ बाहेर जात असे, पत्र्याखाली ती थेंब होऊन माळ्यावर पडते. आढ्याजवळ वारा जायला जागा ठेवा. आणि पत्रा नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका, वाशांना आकडे घालून नटाने आवळा. वारा छप्पर वरून दाबत नाही, तो ते खालून उचलतो, आणि कडेपासून सुरुवात करतो. म्हणून वळचणीला आणि कोपऱ्यांना आकडे दाट हवेत.

पुन्हा उभारताना एवढे तरी करा. पाण्याची जी सर्वांत वरची खूण असेल, त्याच्या वर विजेचे बोर्ड न्या आणि तारा छताकडून खाली आणा. खुणेच्या खाली पुट्टी, प्लायवूड, जिप्सम काही नको. तिथे दगड, फरशी, चुना. पुढच्या वेळी पाणी आले तर धुवून टाकता आले पाहिजे. पुढची वेळ येणार नाही असे सांगलीत आता कोणी म्हणत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. म्हैसूरच्या जुन्या घरांवर मद्रास टेरेस आहे. सागाच्या तुळ्या, त्यावर चुन्यात तिरक्या उभ्या लावलेल्या विटा, वर विटांच्या खडीचा चुना-कॉंक्रीट, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी. इथले गवंडी चुन्याच्या कामाला गारे म्हणतात. असे छप्पर शंभर वर्षे टिकते, एका अटीवर, की गळती वेळेवर बंद झाली पाहिजे. तुळईचे टोक भिंतीत रुतलेले असते. गच्चीचे पाणी तिथे मुरले की ते टोक आतल्या आत कुजते आणि खालून रंगवलेली तुळई ठणठणीत दिसते. लॅन्सडाउन इमारतीचा भाग २५ ऑगस्ट २०१२ ला कोसळला, चार माणसे गेली. देवराज मार्केटचा धन्वंतरी रस्त्याकडचा भाग २८ ऑगस्ट २०१६ ला पडला. महाराणी कॉलेजची शंभर वर्षांची इमारत ऑक्टोबर २०२२ मध्ये पडली, नशिबाने मुलींना आधी बाहेर काढले होते. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील, त्यावर तज्ज्ञांचे वाद झाले आहेत. महिने मात्र बघा, सगळे पावसाचे.

इथेही लोक तीच चूक करतात. गच्ची गळते म्हणून चुन्यावर चार इंच सिमेंट-कॉंक्रीट टाकतात. तुळयांवर वजन वाढते, सिमेंटला बारीक चिरा पडतात, पाणी आत जाते आणि परत बाहेर येत नाही. आणि म्हणतात की चुना कच्चा. अहो, आपले कन्नंबाडी धरण, कृष्णराजसागर, सुरखीत बांधले आहे, म्हणजे चुना आणि विटांची पूड. ज्या विश्वेश्वरय्यांचे ते काम, ते शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी आपली स्वयंचलित दारे बसवली. १५ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला आपण हार घालतो, आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या गच्चीवर सिमेंट ओततो.

*प्रश्न : आज चुन्याचे काम करणारा गवंडी मिळतो कुठे?*

अवघड आहे, पण मिळतो. म्हैसुरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर काम केलेले काही वयस्क कारागीर आहेत. देवळांच्या कामावर विचारा. कोकणात जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे विचारा. मजुरी जास्त घेतील आणि वेळही. चुना आधी काही आठवडे भिजवून मुरवावा लागतो आणि गिलावा केल्यावर तो सावकाश धरतो, म्हणून उद्या संपवतो म्हणणारा गवंडी नको. कारागीर मिळेपर्यंत भिंत उघडी राहिली तरी चालेल. विटा उघड्या राहिल्याने घर पडत नाही.

*प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. पुराचा प्रश्न नाही, पण शोकेसच्या मागे दरवर्षी काळी बुरशी येते. पुसली की पुन्हा येते.*

बुरशी पुसणे म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर पुसणे. पाणी कुठून येते ते शोधा. शोकेस बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर आधी ती हातभर पुढे ओढा, निम्म्या घरांत तेवढ्याने फरक पडतो. तरीही आली तर मागे न्हाणीघर आहे का, पाइप आहे का, बाहेरून भिंतीला चीर आहे का ते पाहा. प्लॅस्टिकची परीक्षा इथेही चालते. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते आहे, खोलीकडच्या बाजूला आले तर ते घरातल्या हवेतले आहे. मग स्वयंपाकघरातली वाफ बाहेर जाते का आणि पावसाळ्यात कपडे त्याच खोलीत वाळत घालता का, ते बघावे लागेल. गच्ची तुमच्या डोक्यावर असेल तर सोसायटीच्या माणसाला घेऊन वर जा आणि पन्हाळीच्या तोंडाशी अडकलेला होंगेचा पाला काढा. हे काम मे महिन्यातल्या वळिवाच्या आधी करायचे असते, पण आजही चालेल.